कोळशाच्या वाटेने वर : रूर खोऱ्यातील पाच दिवस

वणी-राजुऱ्याच्या पट्ट्यात लहानपण गेलेल्या माणसाला क्षितिजावर टेकडी दिसली की ती निसर्गाची की खाणीची, हा प्रश्न आधी पडतो. खुल्या खाणीत कोळशावरची माती आणि खडक काढून बाजूला रचतात. त्या ढिगाऱ्यांना आमच्याकडे सगळे ‘ओबी’ म्हणतात, आणि ओबीवर जायचे नाही ही आमच्या कॉलनीतल्या प्रत्येक मुलाला मिळालेली पहिली ताकीद असते. बाबा भूमिगत खाणीत ओव्हरमन, म्हणजे कामावर देखरेख करणारे, होते. त्यांची खाण बंद झाली तेव्हा हेडगिअर, म्हणजे खाणीच्या तोंडावरचा पाळणा ओढणारा मनोरा, भंगारात गेले, चानकेचे (खाणीत उतरणाऱ्या उभ्या विहिरीचे) तोंड बुजवले गेले आणि त्या जागेची खूण उरली ती एका बसथांब्याच्या नावात. मी पुढे वास्तुकला शिकले, शिकवू लागले, आणि गेली कितीतरी वर्षे विद्यार्थ्यांना पडद्यावर जर्मनीतील रूर खोरे दाखवत आले : बंद खाणी, त्यांत शिरलेली संग्रहालये, ढिगाऱ्यांवर उभी केलेली शिल्पे. प्रत्यक्ष मात्र काहीच पाहिले नव्हते. धाकटा भाऊ नोकरीनिमित्त ड्युसेलडॉर्फला असतो. त्याने सप्टेंबरअखेरीस पाच दिवसांची सुट्टी काढली आणि मी गेले.

पहिला दिवस : एसेन

एसेनच्या मुख्य स्थानकावरून १०७ क्रमांकाची ट्राम थेट त्सोलफेराइन खाणीच्या दारात नेते, असे मी वर्गात नेहमी सांगते. आम्ही पोहोचलो त्या दिवशी मार्गावर रुळांचे काम चालू होते, ट्रामऐवजी बस सोडली होती आणि त्या बसने आम्हांला एका भलत्याच वळणावर भर पावसात उतरवले. पंधरा-वीस मिनिटांच्या प्रवासाला दीड तास लागला. याचा एक फायदा झाला. काटेर्नबेर्ग वस्तीतून चालत गेल्यामुळे खाणीचे पहिले दर्शन प्रवेशद्वारातून घडण्याऐवजी घरांच्या कौलांवरून झाले. विटांची दुमजली घरे, मागे भाज्यांचे वाफे, एका गल्लीच्या टोकाला तुर्की बेकरी, आणि या सगळ्यावर मान काढून उभे असलेले ५५ मीटर उंचीचे लालसर पोलादी हेडगिअर. भाऊ थांबला आणि म्हणाला, “ताई, हे तर शाळेच्या खिडकीतून दिसायचं तसंच दिसून राहिलं.”

ही बारा क्रमांकाची चानक १९३२ साली चालू झाली. फ्रिट्झ शुप आणि मार्टिन क्रेमर हे तिचे वास्तुकार. पोलादी चौकटी, त्यांत भरलेल्या विटा, काटकोनात मांडलेले घनाकार आणि मधोमध राजवाड्याला शोभेल असे चौक-अंगण, अशी ही रचना. दिवसाला १२,००० टन कोळसा येथून वर येत असे. मूळ खाण मात्र बरीच जुनी. फ्रान्झ हानिएल यांनी १८४७ साली पहिली चानक खणायला घेतली आणि जर्मन राज्यांच्या जकात-संघावरून तिला त्सोलफेराइन हे नाव दिले. २३ डिसेंबर १९८६ रोजी उत्पादन थांबले. त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी राज्य सरकारने बाराव्या चानकेला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला होता. तो आठवडा हुकला असता तर येथेही कदाचित बसथांब्याचे नावच उरले असते. २००१ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

त्या संध्याकाळी ओल्या अंगणात उभे असताना एक गोष्ट लक्षात आली, जी इतक्या वेळा छायाचित्रे दाखवूनही मला सुचली नव्हती. या भव्य दर्शनी भागात माणसाला आत जाण्यासारखे दारच नाही. बारावी चानक उभारली ती फक्त कोळसा वर काढण्यासाठी. कामगार दुसऱ्या, जुन्या चानकांतून उतरत. इमारती कोळशाच्या मापाच्या होत्या आणि माणूस त्यांत केवळ यंत्राची देखभाल करायला फिरत असे. पुढच्या वास्तुकारांपुढचे खरे कोडे हेच होते, आणि पुढचे चार दिवस मी तेच शोधत राहिले : दार कुठे काढले, जिना कुठे लावला.

दुसरा दिवस : कोळसा धुण्याच्या इमारतीत

सकाळी ऊन पडले होते. कोळसा-धुलाईची इमारत हे या संकुलातील सर्वांत मोठे धूड. चानकेतून आलेल्या मालात कोळशाबरोबर दगडही असे. तो पट्ट्यांवरून या इमारतीच्या माथ्यावर नेत, तेथून गुरुत्वाकर्षणाने एकेका मजल्यावर उतरू देत आणि पाण्याच्या हेलकाव्यांत हलका कोळसा वर, जड दगड खाली असे वेगळे करीत. कोळसा भट्ट्यांकडे जाई, दगड ढिगाऱ्यावर. म्हणजे आपण उद्या ज्या टेकड्या चढणार, त्यांचे उगमस्थान हे.

डच वास्तुकार रेम कोलहास यांच्या ‘ओएमए’ या कार्यालयाने एसेनमधील वास्तुकारांच्या साथीने या इमारतीचे रूपांतर केले आणि २०१० साली, रूर प्रदेश युरोपची सांस्कृतिक राजधानी असताना, येथे रूर संग्रहालय उघडले. जमिनीवर दार काढण्याचा मोह त्यांनी टाळला. बाहेरून ५८ मीटर लांबीचा सरकता जिना तिरका वर जातो आणि माणसाला थेट २४ मीटर उंचीवर नेऊन सोडतो. शेजारीच कोळशाच्या पट्ट्यांचे जुने झाकलेले पूल त्याच तिरकेपणाने चढतात. तिकीट वर, सुरुवात वर, आणि मग कोळशाप्रमाणेच १७, १२ आणि ६ मीटरच्या पातळ्यांवरून खाली उतरत जायचे : आधी वर्तमान, मग स्मृती, मग इतिहास. वर्गात हे मी नकाशावर दाखवते तेव्हा मुले माना डोलावतात; पण त्या संथ जिन्यावर उभे राहून, दोन्ही बाजूंना नारिंगी उजेड आणि पायांनी काहीच न करता आपण चढतो आहोत, हे अनुभवताना माणूस क्षणभर खरोखरच माल होतो. ती जाणीव सुखाची नव्हती, आणि मला वाटते तशी ती नसावी हेच बरोबर.

आतला उतरता जिना मात्र मला पटला नाही. वितळलेल्या पोलादासारखा झळाळणारा, छायाचित्रांत फार देखणा. परंतु कोळसा धुण्याच्या इमारतीत पोलाद वितळत नव्हते. येथे थंड पाणी, चिखल आणि कानठळ्या बसवणारा खडखडाट होता. बाहेरच्या जिन्याने जे शब्दांविना सांगितले ते आतल्याने मोठ्याने ओरडून सांगावे, असे काहीसे झाले आहे. आणखी एक वाद येथे मुरलेला आहे. जुन्या विटांच्या भिंती इतक्या पातळ होत्या की संग्रहालयाला लागणारी ऊब त्यांत टिकली नसती, म्हणून बाह्यभिंतीचा मोठा भाग उतरवून उष्णतारोधक थर घालून पुन्हा तसाच रचला गेला. आपण पाहतो ती ‘जुनी’ भिंत बरीचशी नवी आहे. यंत्रे खरी, भिंत नक्कल, असा हा सौदा आहे. मी असते तर कदाचित संग्रहालयच थोडे थंड ठेवले असते, पण हे लोकरीचा कोट घातलेल्या पाहुणीने म्हणणे सोपे आहे.

आमचा मार्गदर्शक निवृत्त खाणकामगार होता. त्याचे वडील साठच्या दशकात तुर्कस्तानातून येथे कामाला आले. तो स्वतः सोळाव्या वर्षी खाणीत उतरला. भाऊ भाषांतर करत होता, पण ‘बाबा ओव्हरमन होते’ हे कळल्यावर त्या गृहस्थाने भाषांतराची फारशी वाट पाहिली नाही. त्याने आम्हांला गटापासून थोडे मागे ठेवून घेतले आणि पाळण्याच्या चालकाला वर्दी देण्याच्या घंटेपाशी नेले. मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. चंद्रपुरात तेव्हा दुपार टळत होती, बाबा बनियनवर बसले होते. मार्गदर्शकाने घंटेवर एकच ठोका दिला. बाबा क्षणात म्हणाले, “थांब.” भावाने ते जर्मनमध्ये सांगितले आणि ते गृहस्थ इतके खूश झाले की त्यांनी फोन हातात घेऊन ‘ग्ल्युक आउफ’ असा खाणीचा नमस्कार केला. चानकेतून सुखरूप वर या, असा त्याचा भाव. बाबांनी हात जोडले. मग त्यांनी मला विचारले, “पंप चालू आहेत का?” मी म्हटले, खाण बंद होऊन चाळीस वर्षे होत आली. ते म्हणाले, “खाण बंद झाली म्हणून पाणी थोडंच बंद होते.”

मार्गदर्शकाला हा प्रश्न कळला तेव्हा त्याने हसू आवरले आणि गटाला उद्देशून जे सांगितले ते मी वहीत उतरवून घेतले. कोळसा काढल्यामुळे या प्रदेशातील जमीन खचली आहे; एसेनचे काही भाग वीस मीटरहून अधिक खाली गेले आहेत. भूगर्भातील पाणी आणि पावसाचे पाणी सतत उपसले नाही तर खोऱ्याचा मोठा भाग तळ्यांखाली जाईल. या कामाला येथे ‘चिरंतन कार्ये’ असा शब्द आहे, आणि ती पार पाडण्यासाठी २००७ साली एक स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन करण्यात आले. वर्षाला २० कोटी युरोहून अधिक खर्च, आणि शेवटची तारीख नाही.

दुपारचे जेवण त्या कालच्या तुर्की बेकरीत घेतले. मसुराच्या डाळीचे घट्ट सार, वरून तिखट लोणी आणि लिंबाची फोड. सोबत तव्यावरची पालक भरलेली पोळी. शाकाहारी माणसाने या भागात ‘येथे काय मिळणार’ अशी चिंता करू नये, तुर्की दुकान शोधावे. भावाने बाहेरच्या टपरीवर सॉसेजचे तुकडे आणि वर मसालेदार केचप हा येथला राष्ट्रीय पदार्थ खाल्ला, सोबत मेयोनीज-केचप घातलेले बटाटे. लाल-पांढऱ्या रंगामुळे त्या बटाट्यांना ‘रेल्वे फाटक’ म्हणतात.

जेवणानंतर उरलेले पाहिले. कामगारांच्या जुन्या न्हाणीघरात आता समकालीन नृत्याचे केंद्र आहे. भिंतींच्या फरश्या तशाच आहेत आणि त्यांवरून तालमीचा आवाज घुमतो. बॉयलरघरात नॉर्मन फॉस्टर यांनी १९९७ साली वस्तुरचनेचे (डिझाइनचे) संग्रहालय बसवले, गंजलेल्या भट्टीच्या पोटात चकचकीत वस्तू टांगून. प्रवेशाच्या कडेला ‘साना’ या जपानी वास्तुकारांचा २००६ मधील काँक्रीटचा घन आहे : साधारण ३५ मीटरची बाजू आणि लहानमोठ्या चौकोनी खिडक्यांची विखुरलेली नक्षी. जर्मनीच्या थंडीत इतकी पातळ, एकेरी काँक्रीटची भिंत कशी चालेल? उत्तर जमिनीखाली होते. खाणीतून उपसलेले पाणी सुमारे ३० अंश उबदार असते. त्याची ऊब भिंतीत पुरलेल्या नळ्यांतून फिरवण्याची योजना केली गेली. उपसावेच लागणारे पाणी भिंतीला कोट म्हणून वापरायचे, ही युक्ती मला त्या पूर्ण दिवसातली सर्वांत हुशार वाटली. जी व्यवस्थापन-शाळा या इमारतीसाठी काढली ती लवकरच बंद पडली, आता येथे कलाविद्यापीठाचे विद्यार्थी असतात. इमारत टिकली, तिचे कारण बदलले.

संध्याकाळी कोक भट्ट्यांकडे गेलो. लोखंडाच्या कारखान्यांना लागणारा कोक येथे कोळसा तापवून करीत. १९६१ ते १९९३ चाललेल्या या कारखान्यात एका ओळीत ३०४ भट्ट्या आहेत, ऐन भरात दिवसाला ८,६०० टन कोक निघत असे. एकदा थंड झालेली भट्टी पुन्हा पेटवता येत नाही, तिच्या विटांना भेगा जातात. येथे हिवाळ्यात भट्ट्यांसमोरच्या लांब हौदात स्केटिंगसाठी बर्फाचे मैदान करतात, आणि २००१ साली दोन कलाकारांनी मालवाहू कंटेनर कापून भट्ट्यांशेजारी पोहण्याचा तलाव केला, तो उन्हाळ्यात अजून चालतो. आम्ही गेलो तेव्हा तो रिकामा होता, तळाशी बर्चची पाने.

येथे येणाऱ्यांसाठी थोडे : संकुलात फिरायला तिकीट लागत नाही, संग्रहालयांना लागते. यंत्रांच्या मजल्यांवर मार्गदर्शकाबरोबरच जाता येते आणि इंग्रजी फेऱ्या कमी असतात, म्हणून त्या आधी आरक्षित कराव्यात. जर्मन येणारे कोणी सोबत असेल तर निवृत्त कामगाराची जर्मन फेरी अधिक मोलाची. जिन्यांच्या जाळीदार पायऱ्यांत टाचेची चप्पल अडकते.

तिसरा दिवस : ढिगारे

भाड्याच्या सायकली घेऊन आम्ही खाणीच्या मागून निघालो. कोळशाच्या गाड्यांचे जुने रूळ उखडून त्यांच्या भरावावर सायकलवाट केली आहे. चढ जवळजवळ नाही, कारण कोळशाच्या गाडीला चढ चालत नसे. हा सारा बदल एका दशकात पेरला गेला. १९८९ ते १९९९ या काळात ‘एम्शर पार्क’ नावाचे बांधकाम-प्रदर्शन कार्ल गान्झर यांच्या नेतृत्वाखाली चालले, सतरा शहरांत मिळून सुमारे १२० प्रकल्प. प्रदर्शन म्हटले तरी मंडप नाहीत. नदी, ढिगारे, बंद कारखाने आणि कामगारवस्त्या हेच प्रदर्शन.

नोर्डस्टर्न या बंद खाणीच्या उद्यानात थोडेच थांबलो. तेथील मनोऱ्याच्या माथ्यावर मार्कुस ल्युपेर्ट्झ यांचा १८ मीटर उंचीचा निळ्या केसांचा हर्क्युलिस उभा आहे. खाणीच्या इमारतीला वर पुतळा लावून शोभा आणण्याची गरज होती, असे मला वाटले नाही. भावाला तो आवडला.

तेथून कालव्याच्या काठाने पश्चिमेकडे शूरेनबाख ढिगारा. पायथ्यापासून गर्द झाडी, बर्च, बाभळीच्या गोतातली रोबिनिया, आणि पाऊलवाट वळणे घेत चढते. वर पोहोचल्यावर झाडी एकदम संपते. माथा मुद्दाम उघडा ठेवला आहे : काळाकरडा खडीचा विस्तीर्ण उंचवटा, गवताचे पाते नाही. आणि त्याच्या मध्यावर अमेरिकी शिल्पकार रिचर्ड सेरा यांनी १९९८ साली उभी केलेली पोलादाची एकच पाटी, जमिनीवर साडेचौदा मीटर उंच, सव्वाचार मीटर रुंद, जेमतेम साडेतेरा सेंटिमीटर जाड, वजन ६७ टन. बाकी काही नाही. फलक नाही, बाक नाही. वारा इतका होता की सायकली आडव्या ठेवाव्या लागल्या. खालच्या भागावर रंगाने नावे आणि बदाम काढलेले होते, त्यांवरून गंज उतरत होता.

“एवढंच?” भाऊ म्हणाला. मग तो त्या पाटीच्या कडेला जाऊन उभा राहिला आणि बराच वेळ काही बोलला नाही. जाताना म्हणाला, “ओबीवर उभं राहाची परवानगी पहिल्यांदाच भेटली.” मी वर्गात या कामाबद्दल चांगले अर्धा तास बोलते, त्यातले बहुतेक या एका वाक्यात आले. ढिगाऱ्यावर हिरवळ पांघरून त्याला टेकडी म्हणणे सोपे होते, खालच्या उतारांवर ते केलेही आहे. माथा मात्र ढिगाराच ठेवला. कुत्र्याला फिरवायला आलेल्या एका आजींनी सांगितले की सुरुवातीला त्या या ‘महागड्या पत्र्या’वर चिडल्या होत्या, आता नातू आला की तोच त्यांना ओढत वर आणतो, दगड मारून आवाज ऐकायला.

उतरताना माझ्या सायकलचे मागचे चाक पंक्चर झाले आणि पाठोपाठ पाऊस आला. आडोशाला एक ‘ट्रिंकहाल’ सापडली. ही रूरची खास टपरी. नळाचे पाणी पिण्याजोगे नव्हते त्या एकोणिसाव्या शतकात बाटलीतले पाणी विकायला अशा टपऱ्या सुरू झाल्या, आता तेथे वर्तमानपत्र, बिअर, दूध आणि गप्पा मिळतात. मालकीणबाईंनी आतून ठिगळाचे सामान काढून दिले, पैसे घेतले नाहीत, पण पावसाच्या त्या पाऊण तासात आम्हांला काहीतरी खरेदी करणे भागच होते. बरण्यांतून एकेक गोळी निवडून कागदी पिशवीत भरायची, त्याला ‘मिश्र पुडी’ म्हणतात. आमच्या कॉलनीतल्या दुकानात चार आण्याच्या गोळ्या निवडताना जितका वेळ लागायचा तितकाच लागला.

बॉट्रोपला पोहोचेपर्यंत चार वाजले. येथे ढिगाऱ्यावर वोल्फगांग ख्रिस्त यांनी १९९५ साली उभारलेला चतुष्फलक आहे : ६० मीटर बाजूचा, पोलादी नळ्यांचा पोकळ पिरॅमिड, नऊ मीटर उंचीच्या काँक्रीट खांबांवर. आत केबलींनी टांगलेले तीन सज्जे आहेत, सर्वांत वरचा ३८ मीटरवर, आणि तो तिरका आहे. भरावाची जमीन दीर्घकाळ खचत राहते, तेथे जड इमारत शहाणा माणूस बांधत नाही. म्हणून ही जवळजवळ वजनच नसलेली वास्तू. खालून पाहिली तर आकाशात पेन्सिलने काढल्यासारखी. चढू लागल्यावर मात्र जाळीच्या पायऱ्यांतून थेट तळ दिसतो, वाऱ्याबरोबर सज्जा हलतो आणि शास्त्रशुद्ध विश्लेषण गळून पडते. मी दुसऱ्या सज्ज्यावर थांबले. शाळेची सहल माझ्या बाजूने गात वर गेली. उंचीची भीती असणाऱ्यांनी ढिगाऱ्याच्या माथ्यावरच थांबावे, दृश्य तेथूनही पुरते. पावसानंतर पायऱ्या निसरड्या असतात.

वरून समोरच कोक भट्ट्यांतून वाफेचे पांढरे लोट उठताना दिसत होते. ही भट्टी चालू आहे, बाहेरून आणलेल्या कोळशावर. जर्मनीतील शेवटची दगडी कोळशाची खाण, प्रोस्पर-हानिएल, याच गावात २१ डिसेंबर २०१८ रोजी बंद झाली. कोळशाचा शेवटचा तुकडा राष्ट्राध्यक्षांच्या हाती देण्यात आला. त्या खाणीच्या ढिगाऱ्यावर आगुस्तिन इबारोला या बास्क कलावंताने रंगवलेल्या रेल्वे-स्लीपरांची ओळ आहे, ती पाहायची राहिली. दिवस संपला आणि पायही.

चौथा दिवस : ड्युसबुर्ग

ड्युसबुर्ग-नोर्डचे उद्यान खाणीचे नव्हे, लोखंडाच्या कारखान्याचे. पण कोळसा अखेर जळत होता तो अशाच भट्ट्यांत. १९८५ साली येथली शेवटची झोतभट्टी थंड झाली. भूदृश्य-वास्तुकार पेटर लाट्झ यांनी सुमारे १८० हेक्टरांच्या या जागेवर काहीही पाडून स्वच्छ न करण्याची योजना मांडली आणि १९९४ साली उद्यान उघडले. खनिज साठवण्याच्या काँक्रीटच्या बंकरांच्या भिंतींवर गिर्यारोहक सराव करतात. वायूच्या जुन्या टाकीत पाणी भरून पाणबुडे शिकतात. आम्ही पाहत असताना एक कुटुंब ओल्या पोशाखात बाहेर आले आणि आजोबांनी थर्मासमधून चहा ओतला. काही बंकरांना छत नाही, त्यांत नेचे आणि हायड्रेंजियाच्या चौकोनी बागा आहेत, उंचावरच्या पुलावरून खाली डोकावून पाहायच्या. सगळ्यांत दूषित राडारोडा मात्र बंद बंकरांत गाडलेला आहे आणि त्यावर कोणी फुले लावलेली नाहीत.

पाचव्या झोतभट्टीवर सत्तरएक मीटर चढून जाता येते, आणि मी चढले, कारण येथे पायऱ्यांना कठडा भक्कम होता. मधल्या चौकात ४९ लोखंडी पाट्या जमिनीवर मांडल्या आहेत. वितळलेले लोखंड ओतण्याच्या खड्ड्यांवर त्या असत आणि उष्णतेने त्यांना पडलेल्या खाचा आता पावसाच्या पाण्याने भरतात. लाट्झ यांनी येथे केले काय, तर त्या धुतल्या आणि रांगेत ठेवल्या.

उद्यानातून जुनी एम्शर वाहते. खाणींमुळे जमीन हलत असल्याने भूमिगत गटारे फुटली असती, म्हणून शंभराहून अधिक वर्षे एम्शर नदी हीच काँक्रीटच्या पात्रातली उघडी गटार होती. लाट्झ यांनी सांडपाणी खालच्या नळात घातले आणि वर पावसाच्या पाण्याचा स्वच्छ कालवा केला. मुख्य एम्शरचे काम त्याहून कितीतरी मोठे : १९९२ मध्ये सुरू झाले, २०२१च्या अखेरीस नदी सांडपाण्यापासून मुक्त झाली, खर्च साडेपाच अब्ज युरो. खाणी थांबल्या आणि जमीन स्थिरावली तेव्हाच गटारे गाडणे शक्य झाले. काठावर बसून आम्ही ब्रेड-चीज खाल्ले. पाण्याला वास नव्हता. एक बगळा आमच्याकडे दुर्लक्ष करून उभा होता.

उद्यान दिवसरात्र खुले आहे आणि प्रवेश विनामूल्य. जोनाथन पार्क यांची प्रकाशयोजना सहसा शनिवार-रविवारकडे लागते, वेळ आधी पाहून जावे. अंधारात भट्ट्या हिरव्या-निळ्या उजळल्या की गर्दी जमते. मला त्या दुपारच्या करड्या उजेडात अधिक खऱ्या वाटल्या.

पाचवा दिवस : बोखुम

परतीच्या गाडीपूर्वी चार तास होते. बोखुमच्या खाण संग्रहालयाच्या छतावर डोर्टमुंडच्या बंद जेर्मानिया खाणीचे हेडगिअर आणून उभे केले आहे, तेही शुप यांनीच रचलेले. खाली जमिनीत माहितीपुरती खाण आहे, खरी नव्हे, पण अंधार आणि आवाज खरा. भावाने गाळ्याच्या छपराला हात लावून पाहिला. बाबांनी शिकवलेली सवय.

हेडगिअरच्या लिफ्टने वर गेलो. आकाश निवळले होते. खाली सगळीकडे हिरवे, मध्ये चर्चचे मनोरे, धुराडी क्वचित, आणि क्षितिजावर सपाट माथ्याच्या टेकड्या. या प्रदेशात माथा सपाट असला की टेकडी माणसाची, एवढे आता ओळखू येत होते. भावाने सात मोजल्या, मी नऊ.

बाबांना छायाचित्र पाठवले आणि खाली लिहिले की पंप चालू आहेत, खाणीचे पाणी नद्यांत सोडतात, बरेचसे ऱ्हाइनमध्ये, आणि हे असेच कायम चालू ठेवावे लागणार आहे. निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर यायला थोडा वेळ लागला, कारण बाबा एकेक अक्षर शोधून टंकतात.

“आणि लाइट गेली तर?”